पाच डिस्कांचा डबा आणि नाल्यापर्यंतचं शेत

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. लोक बिघडलेली वस्तू घेऊन येतात, दुरुस्त झाली की घेऊन जातात, आणि किस्सा आपल्या टेबलावर विसरून जातात. माझ्या टेबलावर अशी इतकी अडगळ साचली आहे की सांगायचाही कंटाळा येतो. पण गेल्या उन्हाळ्यातलं एक प्रकरण काही डोक्यातून जात नाही. तेव्हा एकदाचं ओळीने सांगून टाकतो.

मी शहाद्यात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. घरी मधल्या खोलीत एक जुनं कॅबिनेट आहे, त्यात पाच हार्ड डिस्क. बायका भिशी लावतात तशी आम्ही तिघांनी ही डिस्कची भिशी लावली. ब्राह्मणपुरीचा दिलीप, ज्याचा फोटो स्टुडिओ आहे, त्याने दोन डिस्क दिल्या. धडगावकडच्या आश्रमशाळेतल्या रतन गुरुजींनी एक दिली. दोन माझ्या. तिघांचा सगळा माल त्यात. आम्ही त्याला सर्व्हर वगैरे म्हणत नाही, डबा म्हणतो. माझी बायको मंगला त्याला काय म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

डब्याचं काम सोपं आहे. चार डिस्कवर माल, पाचवीवर त्या चौघींची बेरीज. चौघींपैकी एखादी मेली, तर उरलेल्या तिघी आणि ती बेरीज यांच्यावरून मेलेलीचा माल परत काढता येतो. या बेरजेला पॅरिटी म्हणतात. महिन्यातून एकदा डबा स्वतःच सगळी बेरीज पुन्हा करून बघतो. जुळली तर ठीक. नाही जुळली तर सांगतो, अमुक ठिकाणी जुळत नाही.

मार्चमध्ये त्याने सांगितलं, सदतीस ठिकाणी जुळत नाही.

मंगलाने विचारलं, "कोन चुकनं?"

म्हटलं, "ते नाही सांगत तो. फक्त चुकलंय एवढंच सांगतो."

"मंग तेना उपयोग काय शे?"

मी इतकी वर्षं पॅरिटी शिकवतो आहे. हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

*

त्या सदतीसांचं गांभीर्य मला आधी दिलीपमुळे कळलं. त्याने डब्यातून एका लग्नाचे फोटो काढून विसरवाडीच्या पार्टीला अल्बम करून दिला. त्यातल्या एका फोटोत नवरदेव कपाळापासून नाकापर्यंत ठीक, आणि नाकाखाली सगळा हिरवा. फाइल मधेच बिघडली की असं होतं. दिलीपने बघितलंच नाही. छापून मोकळा झाला.

पार्टीचा फोन आला तेव्हा तो माझ्याकडेच बसला होता. घाबरून त्याने मोबाइल स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडे सरकवला, जणू मीच नवरदेवाला रंगवलं होतं.

पार्टी खूश होती. तोच फोटो मोठा करून त्यांनी बैठकीत लावला होता. आता धाकट्याच्या लग्नाची ऑर्डर द्यायची होती, आणि म्हणे, "त्याले बी तोच इफेक्ट पाहिजे. पन निळा."

दिलीप फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "सर," तो म्हणाला, "डबा लगेच दुरुस्त करू नका ना."

*

पण दुसऱ्याच दिवशी रतन गुरुजी आले, आणि गंमत संपली.

गुरुजींचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. धडगावच्या वर डोंगरात त्यांचं वनजमिनीचं शेत आहे, आणि ते नावावर व्हावं म्हणून त्यांनी हयातीतच दावा केला होता. म्हातारा शेताच्या बांधावर उभा राहून हद्द सांगतोय, असा व्हिडिओ गुरुजींनी स्वतः मोबाइलवर काढला होता. त्यावरून जबाब लिहिला आणि कागदांना जोडला. मोबाइल पुढे फुटला. व्हिडिओ उरला तो फक्त आमच्या डब्यात.

आता दावा परत आला होता. शेरा असा, की मोजणीच्या नकाशात शेत नाल्यापर्यंत आहे आणि जबाबात महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडापर्यंत. दोन्ही जुळत नाही, खुलासा करावा. पुढची तारीख दीड महिन्यावर होती.

"महूच्या वरच्या अंगाला निव्वळ दगड आहे सर," गुरुजी म्हणाले. "माती आहे ती महूपासून नाल्यापर्यंत. भात तिथंच येतो. ते गेलं तर शेत काय राहिलं?"

आम्ही व्हिडिओ लावला. म्हातारा काठीने दाखवत बोलतो, पावरीत, म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत. गुरुजी मला मराठीत सांगत होते. खडकापासून इकडे, सागाच्या खोडापासून खाली, महूपर्यंत. एवढं झालं, आणि चित्राला एक हिसका बसला. व्हिडिओ संपला.

"बघितलंत?" गुरुजी म्हणाले. "बाबा पुढं बोलले असणार. इथं तुटलंय. तुमच्या डब्याने खाल्लं."

"तुम्हीच शूट केलंत ना? तुम्हाला आठवत नाही?"

"मी मोबाइल हलू नये याच्यात होतो. काय बोलले ते ऐकलंच नाही. आणि सहाव्या वर्षापासून मी वसतिगृहात सर. ते शेत मला फक्त सुट्टीतलं माहीत आहे."

गुरुजी भांडणारा माणूस नाही. पण त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, आणि मला ते फार लागलं. हिरव्या नवरदेवानंतर माझ्याकडे बोलायला तोंडही नव्हतं.

*

तपासायला बसलो तर पहिला संशय दिलीपवर.

त्याचं असं झालं होतं. आधीच्या वर्षी खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी कॉलेजात होतो. दिलीप दरवर्षीप्रमाणे कॅमेऱ्यांची पूजा करून माझ्याकडे आला आणि मंगलाला म्हणाला, "वहिनी, डिस्क बी हत्यारच शेतस ना. मन्हं पोटपाणी तेनावर शे." मंगलालाही ते पटलं. दोघांनी डबा बंद करून पाचही डिस्क बाहेर काढल्या, पाटावर मांडल्या, हळदकुंकू, झेंडू, नारळ, सगळं यथासांग. मग परत घातल्या. दिलीपने आधी स्वतःच्या दोन घातल्या, कारण पूजा त्याची.

संध्याकाळी डबा सुरू होईना. कुठली डिस्क कुठे, हे त्याला कळेना. बेरजेची डिस्क कुठली हे चुकून वेगळं सांगितलं असतं, तर त्याने खऱ्या मालावर नवी बेरीज लिहिली असती. मी नंबर बघून लावायला गेलो तर नंबरांवर हळद. ओल्या फडक्याने पुसत पुसत वाचले.

"दिलीप, निदान क्रम तरी लिहून ठेवायचा."

"पूजा मा काय नंबर ऱ्हास का सर?"

तेव्हा ते निभावलं होतं. आता उन्हाळ्यात मी त्या डिस्क पुन्हा नीट बघायला काढल्या. प्रत्येक हार्ड डिस्कवर श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं आणि त्याच्याशेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं, हे झाकू नये. पाचही डिस्कवर कुंकवाचा टिळा नेमका त्या भोकावर होता. वाळून घट्ट झालेला.

मी दिलीपला फोन केला. म्हटलं, अख्खी डिस्क मोकळी असताना तुला हीच जागा सापडली?

"सर, गोल जागा व्हती," तो म्हणाला. "माले वाटनं कंपनीनंच ठेयेल शे."

टाचणीने पाच भोकं मोकळी केली. पुन्हा तपासणी लावली. चुका सदतीसच्या एक्केचाळीस झाल्या.

*

दुसरा संशय गरमीवर. डब्याच्या पंख्याचा आवाज येत नव्हता. रविवारी गुरुजी आणि दिलीप दोघेही घरी असताना मी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि ब्लोअर मारला.

पुढे जवळजवळ अर्धा तास कुणी काही बोललं नाही, कारण बोलता येत नव्हतं. गुरुजी अंगणात, दिलीप मोरीत, मी खिडकीला डोकं लावून. तिघेही शिंकतोय. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि त्याही शिंकायला लागल्या.

मंगलाचं माहेर कोरीटचं. दर उन्हाळ्यात तिथून मिरची येते, आणि तिने ती मधल्या खोलीत कुटायला घेतली होती, डब्याला पाठ लावून. डब्याने इमानदारीने सगळा तिखट वारा ओढून पंख्यात आणि पत्र्यावर जाड लाल थर साचवला होता.

डोळ्यांतून पाणी गाळत मी तिला विचारलं, "अगं, इथे का कुटलीस?"

"आठे वारा चांगला लागस," ती म्हणाली. "तो पंखा चालूच ऱ्हास ना."

ब्रशने सगळं झाडून काढलं. थोडं तिखट तिने वाटीत वेगळं काढून ठेवलं, मी बघत असताना. पंखा फिरू लागला, डिस्क थंड झाल्या. पुन्हा तपासणी. पुन्हा चुका, चौतीस.

*

मला आता खरंच वैताग आला होता. एक तपासणी पुरी व्हायला साधारण वीस तास लागतात. मधे वीज गेली की शून्यापासून. छोटा यूपीएस आहे, पण तो डबा नीट बंद होण्यापुरता. त्या महिन्यात मी किती तपासण्या लावल्या आणि किती पडल्या, याची मोजदाद मी सोडून दिली होती.

एकदा एक्याण्णव टक्के झाले होते. मंगलाच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा कोरीटला होता. निघताना मी डब्याकडे बघून घेतलं, सगळं ठीक होतं. रिक्षात बसलो. मंगला म्हणाली, "एक मिनिट," आणि उतरून घरात गेली. लगेच परत आली. मला वाटलं ओढणी वगैरे राहिली असेल.

परत येऊन बघतो तर अख्खं घर बंद. तिने मेन स्विच पाडला होता.

मी काही बोलायच्या आधी तीच बोलली. "गावले जावाना टाइमले मेन बंद करानं नही, असं कोना घर मा ऱ्हास?"

खरं होतं. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, प्रत्येक वेळी तिनेच मेन बंद केलाय, आणि प्रत्येक वेळी मीच बसस्टँडवर विचारलंय की केलास का. या वेळी फक्त विचारायचा राहिलो.

त्या संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. तारखेला तीन आठवडे उरले होते. मी त्यांना एक्याण्णव टक्क्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे सर, पुन्हा लावा." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

*

शेवटी दोष सापडला तो गुरुजींनाच. आणि त्यांना कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नाही.

त्यांनी सहज विचारलं, "सर, दर वेळी चुका त्याच ठिकाणी येतात की वेगळ्या?"

मी याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकही ठिकाण जुळत नव्हतं. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, दुसऱ्याला सांगताना मी हेच पहिलं सांगतो.

"आमच्याकडे एक पोरगा होता," गुरुजी म्हणाले. "तेच गणित फळ्यावरून दर वेळी वेगळं उतरवायचा. आम्ही त्याला महिनाभर गणित शिकवलं. मग कळलं, त्याला फळाच नीट दिसत नाही."

मी उठलो आणि डब्याची रॅम, म्हणजे डिस्कवरून वाचलेलं तात्पुरतं धरून ठेवणारी पट्टी, काढली. डिस्कवर मजकूर ठीक होता, बेरीजही बहुधा ठीक होती. मधे वाचणाराच चुकत होता. डिस्कवरून आलेला आकडा रॅममध्ये बदलायचा, आणि मग बेरीज जुळायची नाही. दिलीपचा नवरदेवही डब्यात भरताना इथूनच हिरवा होऊन गेला असणार.

रॅमच्या पट्टीच्या दातांवर काळपट थर होता. गुरुजींनी खिशातून खोडरबर काढून दिला. मास्तर माणूस, खिशात असतोच. घासून पट्टी चकचकीत केली, बसवली. मंगलाला सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत तू कुठेही जायचं नाहीस. वीस तास पुरे झाले.

चुका शून्य.

मी नवऱ्या मुलीच्या बापासारखा खाली बसलो. गुरुजी मात्र उभेच होते. "मग आता बाबांचं पुढचं बोलणं दिसेल?"

*

ते ठरवायला आणखी एक गोष्ट लागत होती. प्रत्येक फाइलचा एक ठसा काढता येतो, म्हणजे एक लांबलचक आकडा. फाइलमध्ये एक टिंब जरी बदललं तरी तो सगळा आकडा बदलतो. गुरुजींचा व्हिडिओ डब्यात भरायच्या आधी मी त्यांच्या मोबाइलमध्येच त्याचा ठसा काढला होता, आणि अशा सगळ्या ठशांची यादी छापून ठेवली होती. तो कागद हातात आला की कळणार होतं, व्हिडिओ मोबाइलमध्ये होता तसाच आहे की डब्याने त्यातलं काही खाल्लं.

कागद सापडेना. दोन दिवस मी घर पालथं घातलं. मंगलाला विचारलं तर ती म्हणाली, आकडे लिहिलेले कागद ना, ते रद्दी समजून मी फडताळात अंथरले. मसाल्याच्या बरण्यांखाली सगळी यादी निघाली. गुरुजींच्या ओळीवर तेलाचा गोल डाग होता, पण आकडा वाचता येत होता.

गुरुजी शेजारी बसले. मी कागदावरचं वाचत होतो, ते पडद्यावर बोट ठेवून मिळवत होते. अगदी शेवटच्या अंकापर्यंत जुळलं.

म्हणजे डब्याने काहीही खाल्लं नव्हतं. व्हिडिओ होता तेवढाच होता. तो हिसका म्हणजे गुरुजींनी मोबाइल खाली घेतला तो क्षण. म्हातारा महूपर्यंतच बोलला होता आणि थांबला होता.

माझ्या सगळ्या नोकरीत फाइल धडधाकट निघाल्याचं दुःख मला त्याच दिवशी झालं. डबा खराब असता तर निदान म्हणता आलं असतं, की तुटलंय. आता आमच्याच हाताने सिद्ध झालं होतं, की बापाने अर्धंच शेत आपलं म्हटलंय.

गुरुजी म्हणाले, "बाबा विसरले असतील. वय झालं होतं." आणि मग स्वतःच म्हणाले, "पण सागाचं खोडसुद्धा त्यांना आठवत होतं."

*

तारखेला आठ दिवस होते. गुरुजी म्हणाले, गावात चार जाणत्या माणसांना व्हिडिओ दाखवू, कुणाला काही आठवलं तर लिहून घेऊ. मला म्हणाले, तुम्ही लॅपटॉप घेऊन चला. मला नाही म्हणायचा हक्क नव्हता.

धडगावपर्यंत बस, पुढे जीप, मग चढण. दुपारी पोहोचलो. गुरुजींची आई घरासमोर मांडवाच्या सावलीत आमचुरासाठी कैऱ्या चिरत बसली होती. गावातले चार म्हातारे आले, खाटेवर बसले. मी लॅपटॉप एका पाटीवर ठेवला आणि व्हिडिओ लावला.

गेलेला माणूस बोलायला लागला तसे चौघेही पडद्याकडे वाकले. खडकापासून इकडे. सागाच्या खोडापासून खाली. महूपर्यंत. हिसका, आणि बंद.

म्हातारे आपसात बोलू लागले. एक म्हणाला, नाल्यापर्यंतच आहे, सगळ्यांना माहीत आहे. दुसरा म्हणाला, मग हा असं का म्हणाला? तिसऱ्याने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावला. पुन्हा महूपर्यंत.

गुरुजी हताश होऊन म्हणाले, "बाबा चुकले. सरळ तसंच लिहून देऊ, की म्हातारपणामुळे चुकले."

आई इतका वेळ कैऱ्याच चिरत होती. ती विळ्यावरून मान न उचलता काहीतरी बोलली. खाटेवरचे चौघेही तिच्याकडे वळले. गुरुजींचा चेहरा बघून मी विचारलं, काय म्हणतात?

"म्हणते, तो चुकला नाही. महूपर्यंत त्याचं होतं, तेवढं त्याने सांगितलं."

"आणि पुढचं?"

गुरुजींनी विचारलं. आईने विळा बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि खाली उताराकडे बोट केलं. या वेळी ती बराच वेळ बोलली. गुरुजी एकेक वाक्य मला सांगत होते, हळूहळू, जसं त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं. महूखाली सगळी झुडपं होती. तू शाळेत गेलास त्या साली मी ती एकटीने तोडली. दगड वेचून बांध मी घातला. भात मी लावला, अजून मीच लावते. ते माझं आहे. माझं शेत तो आपलं म्हणून कसं सांगेल?

खाटेवरच्या एकाने मान हलवली. म्हणाला, हो, ते हिनेच काढलंय.

गुरुजी आईसमोर खाली बसले. मग त्यांनी पावरीत विचारलं, आणि मला समजावं म्हणून पुन्हा मराठीत विचारलं, "आई, मग त्या दिवशी तू बोलली का नाहीस? तू तिथंच तर होतीस."

आईने विळा परत पायाखाली घेतला. ती जे म्हणाली ते गुरुजींनी मला लगेच सांगितलं नाही. उतरताना, जीप दिसायला लागल्यावर सांगितलं.

"म्हणाली, मी बोलायलाच पुढे आले होते. तू म्हणालास, आई, बाजूला सर, मध्ये येतेस."